आमच्या फीची खोली

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी लॉ कॉलेजात नाव घातलं. पहिल्या दिवशी फीची पावती हातात आली तेव्हा तिच्यावरची प्रत्येक ओळ वाचणारा वर्गात मी एकटाच होतो. बाकीच्या मुलांनी मोबाइलवर फोटो काढला आणि पावती घडी करून बॅगेत टाकली. मी मात्र ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून बोट फिरवत वाचत होतो. मागच्या मुलाने विचारलं, ''काका, काही चुकलंय का?'' त्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाचा काका झालो. मला ते आवडलेलं नव्हतं, पण हा भाव काही कमी होण्यातला नव्हता.

वाचायची सवय मला उशिरा लागली आणि महागात पडून लागली. माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. अंधेरीत एखादी कंपनी बंद पडली किंवा दुसरीकडे गेली, की तिथली टेबलं, खुर्च्या, कपाटं मी उचलतो आणि नवीन ऑफिस थाटणाऱ्यांना विकतो. सुरुवात मी हे फर्निचर जिन्यावरून खाली उतरवणारा हमाल म्हणून केली. आज साकीनाक्याला माझा गाळा आहे, भांडुपला स्वतःचं घर आहे. बी.कॉम. मी धंदा करता करता बाहेरून केलं. मधे एका गाळेमालकाने करारातल्या एका कलमावर बोट ठेवून माझी अनामत गिळली. वकील म्हणाला, सही करण्याआधी वाचायचं होतं. त्याच्या ऑफिसातून खाली उतरतानाच मी ठरवलं, की यापुढे वाचायचं, आणि वाचायचं तर वकिलाइतकं वाचायचं. बायकोला वाटलं, हे चार दिवसांचं खूळ आहे. तिला अजून तसंच वाटतं.

तर त्या पावतीवर शिकवणीची फी होती, परीक्षेची होती, ग्रंथालयाची होती. त्याशिवाय जिमखाना, विद्यार्थी उपक्रम आणि वार्षिक अंक अशा तीन ओळी होत्या. जिमखाना म्हणजे तळमजल्यावरची एक कुलूपबंद खोली. वार्षिक अंक कुणी पाहिलेला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो निघतो हेच माहीत नव्हतं. विद्यार्थी उपक्रम म्हणजे काय ते खिडकीतल्या क्लार्कलाही सांगता येईना. तो म्हणाला, सगळेच भरतात. हे उत्तर मी धंद्यात पुष्कळ ऐकलंय. सगळेच भरतात तिथे हमखास कुणीतरी खातो.

आमचं कॉलेज घाटकोपरला, एका ट्रस्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. आमची बॅच सकाळची. सातला पहिला तास, पावणेदहाला शेवटचा संपायचा, कारण मग तेच वर्ग ज्युनियर कॉलेजला लागायचे. ग्रंथालय साडेदहाला उघडायचं. सकाळच्या बॅचमधले बहुतेक जण नोकरीवाले. म्हणजे ग्रंथालयाची फी भरायची आणि ते उघडायच्या वेळेला स्टेशनवर पळायचं. ज्यांचं ऑफिस उशिरा असायचं ते जिन्यात बसून वाचत. ज्युनियर कॉलेजची पोरं वर येताना त्यांच्या पुस्तकांवरून उड्या मारत जायची.

त्या जिन्यात रोज बसणाऱ्यांत एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षाची, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, वर्सोव्याहून पहिल्या मेट्रोने यायची. आई अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसते. घरी पहाटेपासून बर्फाचे खोके, माणसांची ये-जा, हाका. तिथे पुस्तक उघडणं शक्य नाही. अकरा वाजता तिची एका वकिलाकडे टायपिंगची नोकरी. म्हणजे दिवसातला जो काही अभ्यास व्हायचा तो पावणेदहा ते साडेदहा, जिन्यात. पहिल्या वर्षाच्या एका विषयात तिला केटी लागली होती, म्हणजे नापास झालेला तो विषय पुन्हा द्यायचा होता. या मे महिन्यात ती सुटली नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता. आई म्हणत होती, वर्ष गेलं तर पुरे झालं, बाजारात बस. हे तिने मला फार नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की ही पोरगी कुणाशी बोलत नाही आणि जिन्यात भिंतीकडची जागा सोडत नाही.

मी प्राचार्य मॅडमना भेटायला गेलो. मॅडम नव्याने आल्या होत्या, सरळ बाई. मी तीन ओळी दाखवल्या आणि विचारलं, हे पैसे जातात कुठे? त्यांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, ट्रस्टच्या खात्यात जातात, वर्षातून एकदा गॅदरिंग होतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ होतं, बाकीचं मलाही विचारून खर्च होत नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, ''अहो, मलाच हे पटत नाही. पण तुम्ही एकट्याने येऊन उपयोग नाही. सह्या घेऊन या.''

सह्या मी घेतल्या. पोरांना पटवायला वेळ लागला, कारण त्यांना वाटत होतं की फी म्हणजे पाऊस-पाण्यासारखी गोष्ट, तिच्याशी कोण भांडणार. मी त्यांना म्हणालो, गिऱ्हाईक आहात तुम्ही, भिकारी नाही. एकाने सही करता करता विचारलं, की काका, तुमची नेहमीचीच ही स्टाइल आहे का? मी म्हटलं, हो, आणि याच स्टाइलवर भांडुपला घर झालं.

मग ट्रस्टींकडे बैठक झाली. ट्रस्टी म्हणजे वयस्कर, कडक इस्त्रीतला गृहस्थ. मला 'शेठ' म्हणून हाक मारायचा, तीही अशी की ती शिवी वाटावी. त्याने पहिला डाव टाकला तो असा: तुम्हाला फी जड जाते का? मग तुमच्यापुरती या तीन ओळींची माफी देतो, विषय संपवा. आता मी असा माणूस आहे, की भाजीवाल्याने मागितलेला भाव मी आजवर एकदाही दिलेला नाही. सवलत नाकारण्याचा मला सरावच नाही. क्षणभर जीभ वळवळली, खोटं कशाला बोलू. पण शेजारी सह्यांचा गठ्ठा होता. मी म्हणालो, ''फी पूर्ण घ्या. खर्च आम्हाला विचारून करा.''

दोन तास ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं. जिमखाना आणि अंक ट्रस्टकडेच राहतील. विद्यार्थी उपक्रमाची फी कशी खर्च करायची ते मात्र मुलांनी निवडलेली पाच जणांची कमिटी ठरवेल. ट्रस्टींनी एक अट घातली: एकतीस मार्चपर्यंत जे खर्च होणार नाही ते ट्रस्टच्या खात्यात परत. मी दोन अटी घातल्या. प्रत्येक खरेदीला तीन कोटेशनं हवीत आणि ती नोटिस बोर्डावर लागली पाहिजेत. आणि ज्याचा माल असेल त्याने त्या निर्णयाला बसायचं नाही. ही दुसरी अट ट्रस्टींच्या पुतण्यासाठी होती. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा, आणि गॅदरिंगचं काम दरवर्षी त्यालाच जायचं. ट्रस्टी ती अट मान्य करेनात. मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेलो. दारात मला परत बोलावलं. मॅडम खाली मान घालून हसत होत्या.

निवडणुकीत मी निवडून आलो, आणि ती जिन्यातली मुलगीही आली. तिला सेक्रेटरी केलं, कारण तिचं टायपिंग चांगलं होतं. पहिल्याच बैठकीत दोघांनी लोणावळ्याची सहल सुचवली, एकाने डीजे. तिने एवढंच विचारलं, की आपल्या बॅचला बसायला एक खोली नको का? आमच्याच मजल्यावर मोडक्या बाकांनी भरलेली एक खोली पडून होती. ती रिकामी करून तिथे टेबलं, खुर्च्या, पंखे टाकायचे आणि शिपायाला थोडे जास्तीचे पैसे देऊन पहाटे सहाला उघडायला लावायची. मतदान झालं. सहलवालेही खोलीच्या बाजूने आले, कारण मी त्यांना सांगितलं की लोणावळा कुठे पळून जात नाही. मॅडमनी खोली मिळवून दिली. आम्ही सगळ्यांनी मिळून बाक बाहेर काढले, जमीन धुतली. मार्चची सुरुवात होती.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, मला एमआयडीसीतून फोन आला. एक ऑफिस बंद होत होतं. लांब टेबलं, घट्ट बांध्याची, कडेला चार्जिंगचे पॉइंट. असा माल वर्षातून एखाद्या वेळी हाताला लागतो. पण शनिवारी रात्रीपर्यंत उचलायला हवा, कारण सोमवारी जागेच्या किल्ल्या मालकाला द्यायच्या होत्या. आमच्या धंद्यात असंच असतं. किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी माल फुकटाच्या भावात मिळतो. जो म्हणतो, विचार करून सांगतो, त्याला काही मिळत नाही. मी पैसे मोजले, टेम्पो लावला. शनिवारी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, कमिटीला सांगितलंय ना? मी म्हटलं, सांगतो. रविवारी वॉचमनकडून किल्ली घेऊन टेबलं चढवली, माझ्याच माणसांकडून ओळीत लावून घेतली, पुसून घेतली. खरेदीभाव अधिक टेम्पोचं भाडं, एवढंच मी कमिटीकडून घेणार होतो. एक पैसा नफा नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. पोरं आली. एकाने शिट्टी वाजवली, ''झकास, काका.'' दोघं आत जाऊन बसूनही पाहायला लागले. जिन्यातली ती मुलगी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

''कोटेशनं कुठे आहेत?'' तिने विचारलं.

मी तिला सगळं समजावलं. शनिवारची मुदत, किल्ल्या, खरेदीभाव. ती ऐकत होती. मग म्हणाली, ''काका, माझी आई हेच करते. गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत पापलेट त्याच्या पिशवीत टाकते. मग भाव सांगते. पिशवीत पडलेली मासळी कुणी परत काढून देत नाही.''

मुलं हसली. मला हमालीच्या दिवसांत लोकांनी चोर म्हटलं होतं, तेव्हासुद्धा असं झोंबलं नव्हतं. मी तिला बोललो. काल आलेली पोरगी मला धंदा शिकवते, इथपासून सुरू करून मी बराच वेळ बोललो. माझा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, की अट तुम्हीच घातलीय, मी फक्त टाइप केलीय.

तास संपल्यावर एका मुलाने मला बाजूला घेऊन वाट सुचवली. टेबलं राहू द्यायची, कागद मागाहून बनवायचे. ही वाट मला चांगलीच माहीत होती. साकीनाक्यात तीन कोटेशनं म्हणजे पुष्कळदा एकाच माणसाची तीन लेटरहेडं असतात. माझ्या गाळ्यात दोन दोस्तांची कोरी लेटरहेडं पडलेली असतात, त्यांच्याकडे माझी. ज्याला ऑर्डर हवी तो कमी आकडा लिहितो, उरलेल्या दोन कागदांवर जास्त. सगळ्या कंपन्यांना हे माहीत असतं, आणि कुणाचंच पोट दुखत नाही. मी फोन करून तिला तसं सांगितलं. म्हटलं, दोन कागद उद्या आणतो, तुझी फाइल पुरी होईल.

ती म्हणाली, ''ट्रस्टींचा पुतण्या पण तीन कागद आणू शकला असता.''

मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. मला बाहेर थांबवलं. ठराव झाला: टेबलं काढून घ्यावीत, रीतसर कोटेशनं मागवावीत, मीही देऊ शकतो. मी त्याच सकाळी टेम्पो बोलावला. पोरांनी हात लावायला येऊ नये म्हणून माझीच चार माणसं आणली आणि टेबलं खाली उतरवली. जिन्यात बसलेल्यांना उठून भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. तीही उठली. एक टेबल वळणावर अडकलं तेव्हा तिने पुस्तक काखेत धरून कोपरा उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. ती बाजूला झाली.

पुढचे तीन आठवडे ती खोली रिकामी, स्वच्छ आणि उघडी होती. मुलं जमिनीवर बसून पाहायची, पण फरशीवर फार वेळ बसवत नाही, पुन्हा जिन्यात यायची. मी रोज त्यांच्या अंगावरून खाली उतरायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, बसा, नियम खा. गाळ्यात ती टेबलं उभी करून ठेवली होती. एका कोचिंग क्लासवाल्याने विचारली. मी त्याला भाव असा सांगितला की तो चहा न पिताच गेला. दुसऱ्यालाही तसंच. बायको म्हणाली, विकायची नाहीयेत तर आणली कशाला? मी म्हटलं, भाव मिळत नाही.

कोटेशनं दोन आली. एक घाटकोपरच्याच शोरूमचं, नवीन मालाचं. त्यात आमच्या पैशांत निम्मी खोलीही भरली नसती. दुसरं कुर्ल्याच्या एका जुन्या फर्निचरवाल्याचं. खुर्च्यांचा भाव बरा होता, टेबलांचा चढा, आणि टेबलं कुठली देणार ते त्याने लिहिलं नव्हतं. तिसरं येईना. एवढ्याशा कामासाठी लेखी भाव द्यायला कुणी तयार नव्हतं. आणि तीन झाल्याशिवाय निर्णय नाही. मार्च संपत आला होता. मॅडम मला व्हरांड्यात भेटल्या. म्हणाल्या, ''ट्रस्टी रोज विचारतात, किती शिल्लक आहे म्हणून.'' मी मान हलवली आणि जिना उतरलो.

शनिवारी दुपारी ती साकीनाक्याला आली. मी गाळ्यात होतो. रस्ता शोधत आली असणार, ओढणीने घाम पुसत होती. मी बस म्हटलं नाही. तिनेच एक खुर्ची ओढली, आधी तिचे पाय हलवून पाहिले आणि मग बसली.

म्हणाली, कोटेशन हवंय. लेखी, सहीचं. मी म्हटलं, देतो की. आणि खरेदीभावाच्या दीडपट आकडा सांगितला. नफा नको होता तेव्हा चोर ठरलो. आता निदान नफा तरी घेऊ.

ती उठली. सगळ्या टेबलांखालून हात फिरवला, एकाचा डुगडुगता पाय बरोबर शोधून काढला, कडेचा उखडलेला सनमायका दाखवला. मग परत येऊन बसली.

''काका, हा माल बर्फात पडलेला आहे. तीन आठवडे झाले. उद्या भाव आणखी उतरेल.''

''टेबलं काय मासळी आहेत?''

''सडत नाहीत. पण गाळ्याचं भाडं तर चालू आहे ना? इथे चालायला जागा ठेवली नाहीत तुम्ही.''

खरं होतं. त्या टेबलांमुळे मी त्या महिन्यात दुसरा माल उचलू शकलो नव्हतो. मी आकडा थोडा उतरवला. तिने कुर्ल्याचा भाव सांगितला. मी म्हटलं, मग कुर्ल्याहून घे. ती म्हणाली, घेतलीही असती, पण त्याची टेबलं पाहून आलेय, पत्र्याची आहेत. म्हणजे ही पोरगी कुर्ल्यालाही जाऊन आली होती, आणि तिथेही तिने टेबलांखालून हात फिरवला असणार. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत आणखी दोनदा उतरलो. मग ती बॅग खांद्याला लावून उठली आणि दाराकडे निघाली. दाराकडे निघणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तरी मी तिला हाक मारली.

शेवटी आकडा ठरला तो खरेदीभाव अधिक टेम्पोचं भाडं, आणि डुगडुगत्या पायाची दुरुस्ती माझ्याकडून. म्हणजे पहिल्या रविवारी मी जे घेणार होतो तेच, वर एक पाय फुकट.

मी लेटरहेडवर टेबलांचा भाव लिहिला, खाली माझ्या खुर्च्यांचाही टाकला आणि सही केली. कागद तिच्या हातात देताना राहवलं नाही. म्हटलं, ''हाच माझा खरेदीभाव आहे. त्या दिवशीही हाच सांगत होतो.''

ती हसली. चांगलं, मोकळं हसली. ''आई पण शेवटी असंच म्हणते,'' ती म्हणाली.

माझा राग आहे तो इथे आहे, आणि तो अजून गेलेला नाही. आयुष्यात एकदा मी नफ्याशिवाय काही द्यायला निघालो. तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि नंतर दिलं तेव्हा माझ्याकडून भांडून घेतलं असं सगळ्यांना वाटलं. कमिटीच्या इतिवृत्तात तसंच लिहिलंय, की सेक्रेटरींनी वाटाघाटी करून भाव कमी करून घेतला. टाइप तिनेच केलंय.

चहा संपवताना तिने केटीबद्दल सांगितलं, आईबद्दल सांगितलं, बाजारात बसण्याबद्दल. रडगाणं म्हणून नव्हे. मी विचारलं की एवढी धडपड कशाला करतेस, बाकीचे तिघं कुठे आहेत, त्यावर सांगितलं. ते ऐकताना माझ्या लक्षात आलं, की टेबलं त्या सोमवारी खोलीत राहिली असती तर सगळ्यात जास्त फायदा हिचा होता. तिने स्वतःचे तीन आठवडे जिन्यात घालवले होते. मी तिला विचारलं, तुला बसायला टेबल नको होतं का गं? ती म्हणाली, हवं होतं. पण मग पुढच्या वर्षी मंडपवाला म्हणाला असता, काकांचं चाललं तर माझं का नाही. तिने हे असं सांगितलं जसं मी गिऱ्हाइकाला सनमायकाची जाडी सांगतो.

सोमवारी कमिटी बसली. मी बाहेर जिन्यात उभा होतो. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या केबिनबाहेर असा उभा राहिलोय, पण दाराला कान लावल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी लावला. दार उघडलं तेव्हा सहलवाला मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, टेबलं तुमची घेतली. खुर्च्या कुर्ल्याच्या.

''का? माझ्या खुर्च्यांना काय झालं?''

''चाकं आहेत, काका. कुणी हललं की आवाज होतो. वाचनाची खोली आहे ना.''

मी त्याच्याशीही भांडलो. चाकांची खुर्ची म्हणजे काय असते ते त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, की मतदान झालंय.

तिन्ही कोटेशनं नोटिस बोर्डावर लागली. त्याचा मला असा फटका बसला, की कुणीतरी माझ्या कागदाचा फोटो काढला, तो फिरत फिरत साकीनाक्यापर्यंत आला, आणि पुढे दोन महिने गिऱ्हाइकं मला मोबाइल दाखवत म्हणत, कॉलेजला या भावात दिलीत ना, आम्हालाही द्या. एकतीस मार्चच्या आत पैसे खर्च झाले. ट्रस्टींनी विचारलं, काही शिल्लक? मॅडम म्हणाल्या, नाही.

खोली एप्रिलपासून सहाला उघडायला लागली. मी एक-दोनदा लवकर जाऊन पाहिलं. ती भिंतीकडच्या टेबलाशी असायची, समोर दोन पहिल्या वर्षाची मुलं, शेजारी एक बँकेतली बाई, जिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ती बाई म्हणे वर्षभर स्टेशनवरच्या बाकावर बसून वाचायची. कुणी बोलत नव्हतं. पंख्याचा तेवढा आवाज.

मे महिन्यात परीक्षा झाली. निकाल पावसात लागला. त्या दिवशी मी खोलीत बसून करार कायदा वाचत होतो. माझे त्या विषयातले मार्क सांगण्यासारखे नाहीत. ती आली, माझ्या समोरची खुर्ची ओढली आणि बसता बसता म्हणाली, केटी सुटली. मी म्हटलं, बरं झालं. मग विचारलं, आई काय म्हणाली? म्हणाली, आईने बाजारात सगळ्यांना सांगितलंय, आणि आज कुणाकडे उधारी मागितलेली नाही. मला काहीतरी आणखी बोलायचं होतं. पण असं बोलायची मला सवय नाही, आणि तिलाही ऐकायची असेल असं वाटलं नाही.

''काका, कुर्ल्यावाल्याच्या दोन खुर्च्या मोडल्या,'' ती म्हणाली. ''बदलायच्या आहेत. कोटेशन द्याल?''

मला कुर्ल्यावाल्याबद्दल जे वाटलं ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पुस्तकात पाहिलं. मग विनाचाकाच्या खुर्चीचा आकडा सांगितला. तिने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, लाकूड बघ, गादीची शिवण बघ, मग बोल. माझा आवाज जरा चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरची दोन डोकी वर झाली.

तिने पुस्तकात खूण ठेवली आणि उठली.

''बाहेर बोलू, काका. इथे लोक वाचतायत.''

मी तिच्यामागून बाहेर गेलो.